ताटाभोवतीची दारू

१

ज्यांना हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्यावं. पुढे संधी मिळेल याची मी हमी देत नाही.

माझं शिक्षण इंग्रजी दुसरीत संपलं. मास्तरांच्या खुर्चीला खाजकुयली चोळली, मास्तर वर्गात नाचले आणि मी शाळेबाहेर. तेव्हापासून धंदा एकच, लोकांना गंडवणे. माझी थोरली बहीण शकूताई सर्जनला दिली होती. मेव्हणे माधवराव सरकारी नोकरीत जयपूरला होते, सिव्हिल लाइन्समध्ये बंगला होता, म्हणून मीही वाईहून तिकडे जाऊन पडलो. त्यांची लँडमास्टर गाडी चालवायची, बाजार करायचा, आणि उरलेल्या वेळात जयपूरच्या समस्त मराठी मंडळींना छळायचं. बँकेतल्या साहेबांच्या काळ्या छत्रीत पीठ, विम्यातल्या साहेबांच्या तपकिरीत मिरपूड. तिकडचे लोक मला ‘डागदर साब का साला’ म्हणत. नातं म्हणून म्हणत की शिवी म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

माधवराव अगदी उलट. मऊ बोलणारे, मुंगी चुकवून पाऊल टाकणारे. पण हातात सुरी आली की देवमाणूस. त्यांच्या उजव्या हाताबद्दल हॉस्पिटलातले लोक असं बोलत, जसं आपल्याकडे गवयाच्या गळ्याबद्दल बोलतात.

त्या रविवारी निघताना ताईने मला फाटकाशी अडवलं.

“गजा, मस्करी नको आज. उद्या त्यांच्याकडे एक पोर आहे ऑपरेशनला. पोटात गाठ आहे. दुसरं कुणी हात लावायला तयार नाही.”

“मग मी काय करू? गाठ काढू?”

“त्यांचे हात सांभाळ. जसे नेतोयस तसे परत आण. एवढंच.”

“कोपरापर्यंत आणू की खांद्यापर्यंत?”

तिने टपली मारली. हसलीसुद्धा. ताई हसली की उजव्या गालावर खळी पडायची, डाव्या नाही.

२

आता रविवारचा कार्यक्रम सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की आम्ही काही विचित्र करायला निघालो होतो.

आमेरच्या पलीकडे अरवलीचे डोंगर आहेत. उघडेबोडके, मधूनमधून खैर आणि धावड्याची झुडपं. त्या डोंगरात जुनी गावं, गावागणिक एक गढी, आणि गढीगणिक एक दारू. एकीची बडीशेपेची, एकीची गुलाबाची, एकीची संत्र्याच्या सालीची. जहागिऱ्या गेल्या होत्या, भट्ट्या कायद्याने बंद झाल्या होत्या. पण कायदा डांबरी सडकेने येतो, आणि त्या गावांना सडक नव्हती. इकडे आमच्या मुंबई इलाख्यात दारूबंदी. आमचे एक काका आजारी असल्याचा दाखला काढून परमिटावर प्यायचे. त्यांना हे डोंगर दाखवले असते तर माणूस तिथेच संन्यासी झाला असता.

माधवरावांनी या गावांतले बरेच लोक कापून शिवून परत पाठवले होते. म्हणून दर रविवारी कुठून ना कुठून बोलावणं. ते जखम बघायचे, यजमान पेला पुढे करायचा, माधवराव “औषध म्हणून” दोन घोट घ्यायचे. मी आजार म्हणून घ्यायचो.

त्या दिवशी पहिल्या गावात बडीशेपेची झाली, दुसऱ्यात गुलाबाची. तिसरं गाव रतनखोह. तिथे आम्ही कधी गेलो नव्हतो. डोंगराच्या कुशीत, दोन्हीकडून कडे, मध्ये दगडी घरं, त्यातली निम्मी रिकामी. ठाकूर केसरसिंगांच्या मांडीत शिकारीची गोळी सडली होती. सगळे म्हणत होते पाय तोडा, माधवरावांनी गोळी काढून पाय वाचवला होता. त्याच पायावर लंगडत ठाकूर दारात आले. मिशा एवढ्या की मला हात शिवशिवले. झोपेत माणूस सापडला असता तर एका बाजूची गुल.

“पधारो, डागदर साब. पधारो. और ये?”

“हमारे साले हैं,” माधवराव म्हणाले.

“वो तो शकल से दिखता है,” ठाकूर म्हणाले.

मला माणूस एकदम आवडला.

३

मे महिना. वर दगड भाजत होते म्हणून त्यांनी आम्हाला तळघरात नेलं. पायऱ्या उतरलो तशी अंगावर गारवा चढत गेला. बुटकी लांबट खोली, छताला दगडी कमानी, आणि भिंतीला लागून कमरेपर्यंत जमिनीत पुरलेले मातीचे रांजण. आत माल आंबत होता. त्याचा आवाज यायचा. गुबुक. मग बराच वेळ काही नाही. मग दुसऱ्याच कोपऱ्यातून, गुबुक. जेवून झोपलेल्या म्हाताऱ्यांची ओळ असावी तसा.

मी म्हटलं, “माधवराव, बघा, पेशंट. सगळ्यांना गॅस झालाय.”

ठाकूरांचा नोकर भैरू याने ताटं मांडली. बाटी, दाल, लसणाची चटणी. बोकड संध्याकाळच्या पाहुण्यांसाठी वर चौकात बांधला होता, त्याचं ओरडणं पायऱ्यांवरून खाली येत होतं. चांदीच्या पेल्यांत दारू आली. मधासारखी दिसत होती. वास मात्र पावसात भिजलेल्या लोखंडाचा.

आता पुढचं नीट ऐका. सगळं इथेच झालं, आणि इतकं साधं झालं की कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

माधवराव कुठेही जेवायला बसले तरी आधी चित्राहुती घालायचे. ताटाभोवती पाणी फिरवायचं, उजवीकडे यम आणि चित्रगुप्ताच्या नावाने शितं ठेवायची. लहानपणी बापाने छडी मारून लावलेली सवय, हात आपोआप चालायचा. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सामोशालासुद्धा घालायचे, नर्सा हसायच्या. त्या दिवशी ताटाशी पाण्याचं भांडं नव्हतं. भैरू आणायला गेला होता. माधवरावांनी डोळे मिटले, ओठ हलवले, हाताला पेला लागला तो उचलला आणि दारू ताटाभोवती फिरवली. मग बाटीचे चार-पाच कण मोडून बाजूला ठेवले.

डोळे उघडल्यावर त्यांना कळलं. लाजले. “अरे, पाणी समजून...”

मी पोट धरून हसत होतो. “यमधर्माला आज चढणार!”

मग लक्षात आलं की मी एकटाच हसतोय. रांजणसुद्धा गप्प होते.

ठाकूरांचा घास हातात तसाच होता. “डागदर साब,” ते हळू म्हणाले, “किसको बिठाया आपने?”

“जी?”

“हमारे यहाँ दारू की लकीर नहीं खींचते. लकीर खींची, मतलब जगह दी.”

“सवय हो. आदत,” माधवराव म्हणाले. “कुछ नहीं. पोंछ देते हैं.”

त्यांनी रुमालाने पुसलं. रुमाल ओला झाला. फरशीवरचं कडं तसंच होतं, ओलं, चकचकीत, नुकतं ओतल्यासारखं.

४

इथे माझं धंद्याचं डोकं चालायला लागलं. जन्मभर लोकांना गंडवलेल्या माणसाला गंडवणारा दुरून ओळखू येतो. मी म्हटलं, ठाकूर, वा. फरशीला तेल लावलेलं असणार. किंवा दगडच झिरपणारा. पाहुणा आला की घाबरवायचं, मग मिशीतल्या मिशीत हसायचं. मी त्यांच्याकडे बघून डोळा मारला. ते माझ्याकडे बघतच नव्हते. माधवरावांच्या उजव्या हाताला जी मोकळी जागा होती, तिकडे बघत होते.

त्यांनी एक जादा पेला भरला, दोन्ही हातांनी धरून त्या जागी ठेवला, आणि मान खाली घातली.

तेवढ्यात भैरू पाण्याचा तांब्या घेऊन आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो नेहमीसारखा आला आणि माधवरावांच्या उजवीकडून, मोकळ्या जागेतून, ताटाशी वाकला.

तो पडला असं मी म्हणणार नाही. पडणारा माणूस खाली जातो. भैरू आडवा गेला. एखाद्या बैलाने शिंगावर घेऊन फेकावा तसा तो कमानीच्या खांबावर जाऊन आपटला, तोंडावर. हाड मोडल्याचा आवाज मला ओल्या फांदीसारखा आला. तांब्या घरंगळत राहिला. भैरूचं नाक गालात गेलं होतं आणि पुढचे दात खांबापाशी पडले होते. रक्त इतकं, की त्याच्या पांढऱ्या अंगरख्याचा रंग मला नंतर आठवेना.

मी उठून ती जागा तपासली. दोरी नव्हती. सतरंजीखाली फळी नव्हती. पाय घसरला असेल, मी स्वतःला म्हटलं. पाणी सांडलं होतं, पाय घसरला. पण पाणी तो आपटल्यावर सांडलं होतं, हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. मग हात घालून बघू म्हणून मी त्या जागेवर तळवा नेला. अंगात ताप असलेल्या माणसाजवळ हात नेला की लागते, तशी ऊब होती. मी हात मागे घेतला.

पेला अर्धा झाला होता.

हेही करता येतं, तळाला भोक पाडून. मी पेला उचलून बघायला हवा होता. धीर झाला नाही. हसा.

५

माधवरावांनी भैरूला पायऱ्यांवरून वर उजेडात नेलं. मी मागोमाग. चौकात बसवून त्यांनी त्याचं तोंड धुतलं, मोडलेलं नाक एका झटक्यात सरळ केलं. भैरू किंचाळला. इथपर्यंत ते आमचे माधवराव होते.

मग त्यांचा उजवा हात भैरूच्या मानेमागे गेला. अंगठा आणि दोन बोटं. ती मणक्यांवरून हळूहळू खाली उतरली, एका खाचेपाशी थांबली, तिथे दाबून बघितलं.

“काय बघताय?” मी विचारलं.

“जागा,” ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता. चेहरा मात्र आपल्याच हाताकडे बघत होता, दुसऱ्या कुणाची कारागिरी बघावी तसा.

भैरूला सोडून ते उठले आणि बोकडाकडे गेले. खुंटीवर तलवार टांगली होती, ती काढली. ठाकूर लंगडत धावत आले. “डागदर साब, नहीं!” ज्या माणसाने घरात झुरळसुद्धा मारू दिलं नाही, त्याने डाव्या हाताने बोकडाच्या मानेवर तीच जागा चाचपली आणि उजव्याने एक घाव घातला. एकच. मुंडकं पायरीवर जाऊन बसलं, तोंड आमच्याकडे. धड उभंच होतं. मग गुडघे मोडले.

रक्ताची चिळकांडी माधवरावांच्या चष्म्यावर उडाली. त्यांनी चष्मा पुसला नाही. बाजूला शेळी बांधली होती, दुभती. तिच्याकडे वळले.

“माधवराव, ती दुधाची आहे! अहो, तिला कशाला?”

दुसरा घाव. मग हात तिसऱ्यांदा वर गेला. समोर आता फक्त भैरू होता, तोंड हातांत धरून बसलेला.

मी लहानपणापासून पाठीमागून येऊन लोकांच्या कमरेला मिठी मारत आलोय, दचकवायला. तेवढी एक विद्या कामाला आली. मिठी मारली आणि दोघेही रक्तात पडलो. तलवार दगडावर वाजली. त्यांचं सबंध अंग माझ्या मिठीत लटपटत होतं, रडत होतं. उजवा हात तेवढा खांद्यापासून ताठ होता आणि तलवारीकडे बोटं लांबवत होता.

“गजानन,” ते माझ्या कानाशी म्हणाले, “मी नाही रे. मी नाही.”

६

ठाकूरांनी आम्हाला थांबवलं नाही. त्यांनी स्वतःच गाडीचं दार उघडलं. त्यांच्या मिशा थरथरत होत्या.

“जो बिठावै, वो ही उठावै,” ते म्हणाले. “मुझसे नहीं उठेगा. ले जाओ.”

“कोण आहे? कौन है वो?” मी ओरडलो.

“हमने कभी नहीं पूछा,” ठाकूर म्हणाले, आणि फाटक लावून घेतलं. आतून आगळ सरकल्याचा आवाज आला.

माधवराव पुढे माझ्या शेजारी बसले. मी गाडी चालू केली तेव्हा मागची बाजू खाली दबली. स्प्रिंगा करकरल्या. मी उतरलो, डिकी उघडली. म्हटलं ठाकुराने भेट म्हणून रांजण भरला असेल. डिकी रिकामी. मागच्या सीटवर काही नव्हतं. फक्त रेक्झिनला उजव्या बाजूला खळगा पडला होता, बूड टेकल्यासारखा.

जुनी सीट. पडतात खळगे. मी दार लावलं.

ऊन अजून उतरलं नव्हतं. घाटात गाडी पहिल्या गिअरमध्येही रडत होती, जशी सबंध कुटुंब भरून नेताना रडते. माधवराव उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. चेहऱ्यावर घाम आणि बोकडाचं रक्त. वाटेत एक म्हातारी डोक्यावर घागर घेऊन आडवी गेली. मला त्यांची मांडी उसळलेली दिसली, खालून कुणी ठोसा मारावा तशी.

“उद्या ते पोर आहे,” ते म्हणाले. “सात वर्षांचं.”

“बदली डॉक्टर बघा.”

“दुसऱ्या कुणाला जमणार नाही. आणि हा...” त्यांनी मांडीकडे बघितलं. “हा फार उत्सुक आहे, गजानन. उद्यासाठी. मला कळतंय ते.”

मी काही तरी विनोद शोधत होतो. देवाशपथ सांगतो, सबंध घाटात एक सापडला नाही.

“घरापर्यंत मी याला धरून ठेवतो,” ते म्हणाले. “पुढचं तू बघ.”

“मी काय बघू?”

ते खिडकीबाहेर बघत राहिले. मला उत्तर कळलं होतं. ताईने काय सांगितलं होतं तेही आठवत होतं.

७

सिव्हिल लाइन्समध्ये गुलमोहोर फुलले होते, माळी पाणी घालत होते, शेजारच्या साहेबांचा रेडिओ चालू होता. गाडी पोर्चमध्ये लावली. ताई ओच्याला हात पुसत बाहेर आली.

“लवकर आलात? अगं बाई! हे रक्त कुणाचं?”

“बोकडाचं,” मी म्हणालो. “ताई, लांब राहा.”

“बोकडाचं? गजा, तुझीच काहीतरी मस्करी असणार.” ती थेट आली. माधवराव गाडीतून उतरून दाराशी उभे होते. “बघू, कुठे लागलंय?”

“शकू, आत जा,” माधवराव म्हणाले. “आत जा म्हणतो ना!”

जन्मात ते तिच्यावर ओरडले नव्हते. त्यामुळे ती आणखी जवळ गेली. माझी बहीण.

उतरताना उजवा हात मांडीखालून सुटला होता. तो वर आला, तिच्या अंबाड्याखाली गेला, मायेने ठेवावा तसा. अंगठा आणि दोन बोटं मणक्यांवरून उतरायला लागली. ताई लाजली. भर पोर्चमध्ये, माळ्यासमोर. “अहो,” ती म्हणाली.

बोटं थांबली. दाबून बघितलं. मग त्या हाताने मूठ आवळली, आणि ताईचा आवाज बंद झाला.

मी बॉनेटवरून उडी मारली. दोन्ही हातांनी मनगट धरून ओढलं. निघेना. दातांनी चावलो. निघालं. ताई धडपडत बाजूला झाली. मी तो हात गाडीच्या उघड्या दारात, चौकटीवर टेकवला, आणि लाथेने दार लावलं. लँडमास्टरचं दार म्हणजे तिजोरीचं दार. दार उघडलं, परत लाथ मारली. परत उघडलं. बोटं आता बोटांसारखी नव्हती. अंगठा कातड्यावर लोंबत होता. तरी मनगट वळत होतं म्हणून आणखी एकदा.

कुणीतरी ओरडलं. सबंध सिव्हिल लाइन्सने ऐकलं. रेडिओ बंद झाला, माळ्यांच्या हातून नळी पडली.

पण मी माधवरावांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतो. त्यांचे ओठ मिटलेले होते. दात ओठात रुतून रक्त आलं होतं, पण तोंड बंद होतं. ओरडणं गाडीच्या मागच्या सीटवरून आलं होतं.

मग मनगट ढिलं पडलं. माधवरावांनी आपल्या हाताच्या चेंद्याकडे बघितलं, डॉक्टर बघतो तसं.

“रुमाल,” ते म्हणाले. “घट्ट. कोपराच्या वर. छान केलंस, गजानन.”

“छान?” ताई किंचाळली. तिच्या गळ्यावर काळेनिळे वळ उमटत होते आणि तिला त्यांची शुद्ध नव्हती. “राक्षसा! हात तोडलास माझ्या नवऱ्याचा! गाडी काढ! हॉस्पिटलात चल, आधी गाडी काढ!”

मी त्यांना पुढे बसवलं, स्टिअरिंगवर बसलो. माझे हात त्यांच्या रक्ताने घसरत होते. पोर निदान या हातातून वाचलं होतं. ताई वाचली होती. मी मनात तेवढंच म्हणत होतो.

मागचं दार उघडल्याचा आवाज आला.

“ताई, नको!” मी म्हणालो. “तू थांब घरी. नाहीतर पुढे बस, आम्ही सरकतो, पुढे ये!”

“तू तोंड उघडू नकोस,” ती म्हणाली, आणि आत शिरली. तिचे डोळे पुढे होते, माधवरावांच्या मानेवर. आजूबाजूला ती बघतच नव्हती. दाराशी तिला जागा पुरेना, तेव्हा भरलेल्या टांग्यात चढलेली बाई म्हणते तसं ती सहज, न बघता म्हणाली:

“सरका हो जरा.”

मी आरशात बघत होतो. रेक्झिन करकरलं, आणि खळगा तिला जागा देण्यासाठी पलीकडे सरकला.